अर्धीच बंद झालेली सेशन्स : लूप चालू असताना लिस्टमधून घटक काढण्याचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. पासवर्ड बदलला, ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ केलं, तरी जुन्या फोनवर खातं उघडंच आहे. तपासणाऱ्याने त्याच खात्यावर तीच कृती पुन्हा केली आणि फोनवरचं सेशन, म्हणजे तिथलं चालू लॉगिन, तेही बंद झालं. तक्रार निकाली निघाली. पुढे दुसऱ्या खात्याकडून तशीच तक्रार आली आणि तीही पुन्हा बटण दाबल्यावर मिटली. दुसऱ्यांदा केलं की काम होतं, तेव्हा पहिल्या वेळी नेटवर्कने दगा दिला असणार, असा समज हळूहळू पक्का झाला.

नेटवर्कचा यात काही संबंध नव्हता. आणि प्रकरण किरकोळही नव्हतं. ‘सगळीकडून लॉगआउट’ हे बटण माणूस सहसा दाबतो ते आपल्या खात्यात दुसरं कुणी शिरलंय अशी शंका आल्यावर. अशा वेळी एक सेशन मागे राहणं म्हणजे ज्याला बाहेर काढायचं तोच आत राहण्याची शक्यता.

सेवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली होती. चालू सेशन्स सांभाळणाऱ्या भागाकडे (त्याला भांडार म्हणू) त्यांची एक लिस्ट, म्हणजे क्रमाने मांडलेली यादी, मेमरीत असे. प्रत्येक सेशनमध्ये खात्याचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ आणि मुदत. लॉगआउट करणारा भाग एक लूप होता, म्हणजे एकेका घटकासाठी तीच कृती करत जाणारा कोड. मराठीत मांडला तर असा:

प्रत्येक से, सेशन्स मधून:
    जर से.खाते == खाते:
        सेशन्स मधून से काढा

वाचताना काही खटकत नाही. तोंडी सांगताना आपण जसं सांगू, ‘एकेक बघत जा, या खात्याचं असेल तर काढून टाक’, अगदी तसाच कोड आहे. म्हणूनच तो परीक्षणातून सहज सुटतो.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. पायथनचा लिस्ट-इटरेटर, म्हणजे लूपला एकेक घटक पुरवणारा भाग, स्वतःजवळ दोनच गोष्टी ठेवतो: लिस्ट कोणती, आणि पुढची जागा कितवी. दर फेरीला तो लिस्टची त्या क्षणाची लांबी बघतो. जागेचा आकडा लांबीपेक्षा कमी असेल तर त्या जागेवरचा घटक देतो आणि आकडा एकने वाढवतो. कोणता घटक बघून झाला, कोणता राहिला, याची नोंद तो ठेवत नाही. दुसरीकडे लिस्टमधून घटक काढला की त्याच्यानंतरचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात, कारण लिस्टमध्ये मधली जागा रिकामी राहू शकत नाही. रांगेत उभ्या माणसांना जागेच्या क्रमांकाने हाक मारत जाणारा कुणी असावा, तिसऱ्याला त्याने बाहेर काढावं, चौथा लगेच तिसऱ्या जागी सरकावा, आणि हाक मारणाऱ्याने पुढचा आकडा म्हणून ‘चार’ म्हणावं. मूळच्या चौथ्या माणसाला हाक कधीच जात नाही.

तक्रारीच्या वेळची लिस्ट सोपी करून लिहितो. ‘क’ हे बंद करायचं खातं, ‘ख’ आणि ‘ग’ दुसऱ्यांची. जागा शून्यापासून मोजू.

क१, क२, ख१, क३, क४, क५, ग१

जागा ०: क१ सापडतं, निघतं. क२ जागा ० वर येतं. इटरेटर जागा १ कडे जातो, तिथे आता ख१ आहे, ते राहतं. जागा २ वर क३, ते निघतं, क४ त्याच्या जागी येतं. जागा ३ वर क५, ते निघतं आणि ग१ त्याच्या जागी येतं. आता आकडा ४, लांबीही ४, लूप संपला. उरलं काय?

क२, ख१, क४, ग१

सात घटकांपैकी चारच बघितले गेले. पाच सेशन्सपैकी तीन गेली, दोन जिवंत राहिली. ग१ ला तर कुणी विचारलंच नाही. ते दुसऱ्या खात्याचं होतं म्हणून त्याचा परिणाम दिसला नाही, इतकंच. प्रत्येक काढण्यामागे पुढचा एक घटक न बघता सुटतो. काढायचे घटक शेजारी शेजारी असतील तर एक आड एक मागे राहतो.

हीच लिस्ट पुन्हा त्याच लूपमधून जाऊ द्या. क२ जागा ० वर, निघतं. जागा १ वर आता क४, निघतं. उरतात ख१ आणि ग१, म्हणजे अगदी बरोबर उत्तर. तपासणाऱ्याला दुसऱ्यांदा यश का मिळालं ते इथे कळतं. शेजारी असलेल्या सेशन्सचा गट दर फेरीला निम्मा होतो: आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचं एक, आणि चौथ्या फेरीत शून्य. ‘पुन्हा करून बघा’ या सल्ल्याने बग बरा होत नव्हता, लपत होता.

सेवेच्या नोंदवहीनेही, म्हणजे लॉगनेही, मदत केली नाही. लॉगमध्ये तीन सेशन्स बंद झाल्याची नोंद होती आणि तिन्ही योग्य खात्याची होती. जे काढलं ते बरोबरच काढलं होतं. जे बघितलंच गेलं नाही त्याची नोंद होणार कुठून?

या फंक्शनला (कोडच्या या तुकड्याला) टेस्ट, म्हणजे तो तपासणारा छोटा कोड, होती, ही गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. टेस्टमधली लिस्ट होती क, ख, क. जागा ० वरचं क निघालं, ख जागा ० वर आलं, इटरेटर जागा १ कडे गेला, तिथे दुसरं क होतं, तेही निघालं. उरलं ख. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. न बघता सुटलेला घटक ख होता, आणि त्याला राहायचंच होतं. नमुना विविध दिसावा म्हणून माणूस आपोआप घटक आलटून पालटून मांडतो, आणि हा बग नेमका त्याच मांडणीत दिसत नाही. खऱ्या वापरात मात्र एकच माणूस फोनवरून, लगेच लॅपटॉपवरून, मग टॅब्लेटवरून लॉगिन करतो. त्याची सेशन्स लिस्टमध्ये शेजारी बसतात.

हाच लूप आणखी एका ठिकाणी होता: दर मिनिटाला चालणाऱ्या, मुदत संपलेली सेशन्स काढणाऱ्या सफाईत. लिस्ट लॉगिनच्या क्रमाने असल्यामुळे मुदत संपलेली सेशन्स सगळी सुरुवातीलाच, सलग. म्हणजे बगला सर्वांत पोषक परिस्थिती. तरी तिथून कधी तक्रार आली नाही, कारण जे एका मिनिटाला राहून जायचं ते पुढच्या मिनिटांत निघायचं. वारंवार चालणारी सफाई स्वतःची चूक स्वतःच झाकते. एकदाच चालणाऱ्या कामाला ही सवलत मिळत नाही.

कारण कळल्यावर दुरुस्ती पाच मिनिटांची वाटते. इथे तिला तीन टप्पे लागले आणि पहिल्या टप्प्याने परिस्थिती आधीपेक्षा बिघडवली होती, म्हणून त्यावर थांबतो.

सुरुवातीला उपाय तीन सुचले. पहिला: लिस्टची कॉपी करून कॉपीवर लूप चालवायचा, काढायचं मूळ लिस्टमधून. उत्तर बरोबर येतं, कारण कॉपी हलत नाही. पण पायथनची ‘रिमूव्ह’ क्रिया घटक जागेने काढत नाही. ती सुरुवातीपासून शोधत जाते आणि बरोबरीच्या कसोटीला उतरणारा पहिला घटक काढते. सेशनच्या क्लासमध्ये, म्हणजे सेशनची रचना ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘खातं एक तर सेशन्स सारखी’ अशी बरोबरीची व्याख्या असेल आणि अट मात्र मुदतीची असेल, तर हातात असलेलं सेशन सोडून दुसरंच निघू शकतं. शिवाय प्रत्येक काढण्यासाठी एक शोध.

दुसरा: शेवटच्या जागेपासून मागे येत जाणं आणि जागेच्या क्रमांकाने काढणं. हेही बरोबर आहे. काढल्यावर जे सरकतात ते सगळे आधीच बघून झालेले असतात, न बघितलेले जिथल्या तिथे राहतात. लहान लिस्टला हा उपाय उत्तम. मोठ्या लिस्टला सरकवण्याचा खर्च बघावा लागतो. एक लाख सेशन्स आहेत आणि सुरुवातीची पन्नास हजार काढायची आहेत असं धरा. मागून येताना प्रत्येक काढण्याला उरलेली पन्नास हजार सरकतात. एकूण २५० कोटी सरकवण्या. पुढून एकेक काढलं तर तो आकडा ३७५ कोटींपर्यंत जातो. सरकवणं हे मेमरीचा सलग तुकडा हलवण्याचं काम असल्याने संगणक ते वेगाने करतो, तरी वाया जाणारं काम ते वायाच.

तिसरा उपाय निवडला गेला: काय काढायचं हे सांगण्याऐवजी काय ठेवायचं ते सांगायचं.

भांडार.सेशन्स = [से, जिथे से.खाते != खाते, प्रत्येक से साठी]

एक लाख तपासण्या, ठेवायची तेवढी नवीन लिस्टमध्ये, सरकवणं शून्य. शक्य तिथे मी हाच मार्ग आधी बघतो. यात जागेच्या आकड्याचा प्रश्नच उरत नाही आणि वाचणाऱ्याला अट एका नजरेत दिसते.

पण टेस्टचा नवीन संच चालवल्यावर असं दिसलं की बंद केलेलं एकही सेशन बंद होत नाही. आधी पाचातली दोन राहायची, आता पाचही. कारण येणाऱ्या प्रत्येक विनंतीचं सेशन वैध आहे का हे तपासणारा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये होता आणि त्याने सेवा सुरू होतानाच भांडाराकडून लिस्ट मागून स्वतःच्या नावाखाली ठेवली होती. जोवर काढणं त्याच लिस्टमध्ये होत होतं तोवर बदल त्याला दिसत होते. नवीन लिस्ट तयार होऊन भांडाराच्या नावाला चिकटली, आणि तपासणाऱ्या भागाच्या हातात जुनी लिस्ट तशीच राहिली, सगळ्या रद्द सेशन्ससकट. नवीन लॉगिनही त्याला दिसेनात, आणि टेस्ट तिथेच आधी पडली. हे तैनात होण्याआधी पकडलं गेलं कारण नवीन टेस्ट भांडाराची लिस्ट मोजत नव्हती. रद्द सेशन घेऊन दारावर जात होती आणि आत घेतात का ते बघत होती.

पायथनमध्ये यावर उत्तर आहे: नाव बदलायचं नाही, लिस्टचा मजकूर बदलायचा. संपूर्ण स्लाइसला, म्हणजे लिस्टच्या पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या भागाला, नवीन मजकूर नेमला की उजवीकडची लिस्ट आधी पूर्ण तयार होते, मग जुन्या लिस्टमध्ये तिचे घटक बसतात, आणि त्या लिस्टचा ज्याच्याकडे संदर्भ आहे त्या सगळ्यांना बदल दिसतो. लूपमध्ये काढण्याविषयीच्या चर्चेत ‘नवीन लिस्ट बनवा’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की ही लिस्ट आणखी कुणाकडे आहे हा प्रश्न मागे पडतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच विचारावा. लिस्ट फक्त आपल्या फंक्शनची असेल तर नवीन बनवा, बिनधास्त. सामायिक असेल तर मजकूर बदला, किंवा त्याहून बरं म्हणजे संदर्भ वाटणंच बंद करा.

दुसरा टप्पा थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा. सेवेत लॉगिन स्वीकारणारा थ्रेड वेगळा होता. ठेवायच्या सेशन्सची लिस्ट तयार होत आली आणि ती जुन्या मजकुराच्या जागी बसायच्या आत नवीन लॉगिन लिस्टच्या शेवटी जोडलं गेलं, तर ते पुसलं जाणार. जुना लूप सदोष होता, पण नवीन लॉगिन तो कधी गिळत नव्हता. दुरुस्तीने हा नवा धोका आणला. पायथनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमधलं (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) जागतिक लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं कुलूप, इथे वाचवत नाही, कारण गाळणं आणि नेमणं या अनेक सूचना आहेत आणि त्यांच्या मध्ये थ्रेड बदलू शकतो. म्हणून भांडाराला स्वतःचं लॉक दिलं. जोडणं, गाळणं आणि नेमणं तिन्ही त्याच्या आत.

तिसरा टप्पा सूचनांचा. सेशन बंद झालं की इतर भागांना कळवलं जाई, आणि त्यातला एक भाग त्या सेशनवर अवलंबून असलेली उपसेशन्स काढायला पुन्हा भांडाराकडे येई. म्हणजे लूप आपण कितीही नीट लिहिला तरी आतून बोलावलेलं फंक्शन तीच लिस्ट बदलत होतं. लूपच्या अंगात ‘काढा’ हा शब्द कुठेही दिसत नाही आणि लिस्ट मात्र हलते. हा प्रकार डोळ्यांनी शोधणं फार अवघड. अंतिम रूप असं झालं:

लॉक घेऊन:
    ठेवायची, काढायची = सेशन्स दोन भागांत वाटा
    सेशन्सचा मजकूर = ठेवायची
लॉक सोडून:
    प्रत्येक से, काढायची मधून: से बंद झाल्याचं कळवा

वाटताना फक्त अट तपासायची, बाकी काही करायचं नाही. कळवताना जी लिस्ट फिरवली जाते ती फंक्शनची खाजगी आहे, तिला बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. कळवणं लॉकबाहेर ठेवलं, नाहीतर भांडाराकडे परत येणारा भाग त्याच लॉकवर अडकला असता.

जावा वापरणाऱ्यांना वाटेल की आपल्याकडे हे घडलंच नसतं. बऱ्याच अंशी खरं आहे. जावाची अ‍ॅरेलिस्ट बदलांचा एक आकडा ठेवते, इटरेटर सुरुवातीला तो टिपून घेतो, आणि पुढच्या घटकाला हात घालताना आकडा जुळला नाही तर अपवाद फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. पण ही हमी पूर्ण नाही. तीन घटकांच्या लिस्टमधून लूपमध्ये दुसरा काढा: लांबी दोन होते, इटरेटरही दोनवर असतो, ‘आणखी आहे का’ याचं उत्तर ‘नाही’ येतं, आणि लूप शेवटचा घटक न बघता, तक्रार न करता संपतो. शेवटून दुसरा घटक काढला की हेच होतं. तिथे इटरेटरचंच ‘रिमूव्ह’ वापरायचं, किंवा २०१४ साली जावा ८ बरोबर आलेलं ‘रिमूव्हइफ’. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये काढलेल्या जागेचे आणि त्यापुढचे इटरेटर अवैध होतात, आणि ते तसेच वापरले तर काय होईल याला भाषेची कसलीच हमी नाही. ‘इरेज’ परत देतं तो इटरेटर घेऊन पुढे जायचं, किंवा सी प्लस प्लस २० मधलं ‘इरेज इफ’. जावास्क्रिप्ट पायथनसारखीच गप्प राहते: ‘फॉरईच’मध्ये ‘स्प्लाइस’ केलं की पुढचा घटक सुटतो. रस्टचा कंपायलर लिस्ट फिरवत असताना तिला बदलणारा कोड स्वीकारतच नाही; तिथे हे काम ‘रिटेन’ने करायचं. लिनक्सच्या कर्नलमध्ये जोडयाद्या फिरवण्यासाठी ‘सेफ’ नावाने वेगळे मॅक्रो आहेत; ते पुढचा दुवा आधीच बाजूला ठेवतात, पण ती सुरक्षितता फक्त हातात असलेला घटक काढण्यापुरती आहे. पायथनमध्येही हाच लूप डिक्शनरीवर (किल्ली दिली की तिची नोंद देणाऱ्या रचनेवर) चालवला असता तर फिरताना आकार बदलल्याची चूक पहिल्याच दिवशी समोर आली असती. कोसळणारा प्रोग्रॅम त्रास देतो, पण गप्प बसून चुकीचं उत्तर देणाऱ्यापेक्षा तो कितीतरी परवडतो. इथे तर त्या गप्प बसण्याची किंमत कुणाच्या तरी खात्याची सुरक्षितता होती.

टेस्टचा संच पुढीलप्रमाणे वाढला: रिकामी लिस्ट, एकही न जुळणारी, सगळी जुळणारी, फक्त पहिलं, फक्त शेवटचं, दोन शेजारी, पाच शेजारी. याशिवाय एक टेस्ट अशी की फंक्शन दोनदा चालवायचं आणि दुसऱ्या वेळी काहीही बदललं तर नापास. ‘सगळी काढा’ म्हटल्यावर दुसऱ्या फेरीला काढायला काही उरता कामा नये. ही टेस्ट पहिल्यापासून असती आणि तिला शेजारची दोन सेशन्स दिली असती, तर जुना लूप एका सेकंदात पकडला गेला असता.

नंतर भांडाराची रचनाच बदलली. प्रश्न नेहमी ‘या खात्याची सगळी सेशन्स’ असाच येत होता, तर मग खात्यावरून सेशन्सचा संच देणारी डिक्शनरीच ठेवली. आता लॉगआउट म्हणजे त्या खात्याची नोंद एकदाच उचलून घेणं. शोधायला लूप नाही, सरकायला लिस्ट नाही. मुदतीच्या सफाईसाठी दोन्ही टोकांनी उघडी रांग आली, जिच्या पुढच्या टोकावरचं सेशन मुदतीत येईपर्यंत एकेक काढत जायचं. पुढच्या टोकावरून काढण्याला तिथे काही सरकवावं लागत नाही. मात्र हे चालतं ते सगळ्या सेशन्सची मुदत सारखीच लांब आणि न वाढणारी असल्यामुळे. मुदत वाढवून देण्याची सोय आली की रांगेचा क्रम मोडेल आणि मुदतीनुसार लावलेला हीप (सगळ्यात लवकर संपणारं नेहमी पुढे ठेवणारी रचना) आणावा लागेल.

त्याच निमित्ताने सगळ्या कोडमध्ये फिरत्या लिस्टमधून काढणाऱ्या जागा शोधल्या, तेव्हा आणखी एक सापडली. सेशन बंद झाल्याचं ज्यांना कळवायचं त्या श्रोत्यांच्या लिस्टवर लूप चालत होता, आणि त्यातला एक श्रोता पहिली सूचना मिळताच स्वतःचं नाव लिस्टमधून काढून घेत होता. त्याच्या लगेच पुढे होता लेखापरीक्षणाची नोंद लिहिणारा श्रोता, आणि त्याची ती एक सूचना दरवेळी चुकत होती. इथे नवीन लिस्ट किंवा डिक्शनरी नको होती. सूचना निघाली त्या क्षणी जे श्रोते होते त्या सगळ्यांना ती मिळावी, हाच अर्थ अपेक्षित होता, आणि लिस्टची कॉपी फिरवणं नेमकं तेच करतं. मधल्या वेळात नाव काढलेल्या श्रोत्यालाही ती एक सूचना जाईल, हे मान्य करून तसं फंक्शनच्या वर लिहून ठेवलं.